दाढेवरची सभा

८ मार्च, रविवार

चर्चमधून सगळे सरळ जुन्या शाळेच्या खोलीत आले. मी अध्यक्ष झाल्यापासून गावसभा वेळेवर सुरू होते. वेळेवर संपत नाही, कारण सेरवांदो बोलतो.

आज त्याने बसण्याआधीच टेबलावर मूठ आपटली. समुद्रात घुसलेल्या पुंता मोआच्या टोकावरच्या दगडांवर पांढऱ्या खुणा केल्यात, म्हणे. आणि केल्यात लामाबोआवाल्यांनी.

"खुणा म्हणजे कसल्या?" मी विचारलं.

"खुणा म्हणजे खुणा! चुन्याच्या रेघा. दाढेवर, बिशपच्या टोपीवर, म्हातारीच्या ढुंगणावरसुद्धा! हद्द सरकवतायत मेले."

दाढ, टोपी, ढुंगण ही आमच्या दगडांची नावं, आणि लामाबोआ म्हणजे शेजारचं गाव. आजोबांच्या काळापासून त्यांच्याशी हद्दीचा दावा चालला होता. निकाल आमच्या बाजूने लागला. तो आपण वाचलाच नाही असं ते अजून म्हणतात. आमच्या सान फिस गावात टेकडी, पाइनचं रान, टोक आणि त्यावरचे दगड कुणा एकाचे नाहीत, गावाचे आहेत. ज्या घराच्या धुराड्यातून धूर निघतो त्या घराला एक मत. कुलूप लावून माद्रिदला गेलेल्याला मत नाही, मग तो कुणी का असेना. तेव्हा आमच्या दगडावर कुणी रेघ ओढली की ती नुसती रेघ राहत नाही.

सभेचं टिपण दोसिंदा ठेवते आणि ठेवता ठेवता विणते. तिने सुया थांबवल्या. "पण हद्दीची खूण इतक्या उंच कशाला करतील? तिथे माझा हातही पोचत नाही."

"आपल्याला पुसता येऊ नये म्हणूनच!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मूर्खपणा मोठ्याने बोलला की माना डोलतात.

एलादिओने, म्हणजे माझ्या दिराने, टोकाच्या वाटेवर कुंपण घालायची सूचना मांडली. मी म्हटलं, आधी पाहून येते. माझ्या नवऱ्याला, रामिरोला, तिथल्या लाटेने नेलं, खडकावरचे पेर्सेबे, म्हणजे खायचे समुद्रजीव, खरवडत असताना. त्यानंतर मी टोकाकडे गेले नव्हते. त्याचा इथे संबंध नाही. तेव्हा औषधांच्या दुकानातून वेळ मिळाला नाही, इतकंच.

९ मार्च

गेले. दाढेवरच्या एका खुणेवर बोट घासलं. चुना असा नसतो. ही पूड हलकी, कोरडी, बोटाचा ओलावा पिऊन टाकणारी. जिभेला लावून पाहिली. मॅग्नेशियम कार्बोनेट. सांतियागोहून औषधशास्त्राची पदवी घेऊन आल्यापासून निवृत्तीपर्यंत मी ती पित्तावर विकली. लामाबोआवाले हद्द आखायला पित्ताची पावडर वापरणार नाहीत. इतके उधळे ते नव्हेत.

तेवढ्यात दगडाच्या पलीकडून धप्प आवाज आला.

जाऊन पाहते तर दाढेच्या पुढे झुकलेल्या पोटाखाली जाड गाद्या पसरलेल्या आणि त्यांवर एक पोरगी उताणी पडलेली. उठली, हात झटकले, पुन्हा दगडाला धरून उलटी लोंबकळली. धुराड्यात टांगलेली डुकराची तंगडी दिसते तशी. पुन्हा पडली. मग मी दिसले.

"कुणाच्या परवानगीने?" मी विचारलं.

"दगडाला परवानगी लागते?"

तो दगड कुणाचा आहे ते मी तिला सांगितलं. पूर्ण सांगितलं. तिच्याबरोबरचा उंच मुलगा माफी मागू लागला. हा ब्राइस, कोरुन्याला बेकरीत पाव भाजतो. ती अंतीआ, फेरोलच्या जहाजांच्या गोदीत वीजजोडणी करते, वय तिशीच्या आसपास. तिने माफी मागितली नाही. खिशातून ब्रश काढला आणि एकेक खूण घासून पुसायला लागली.

"हात घसरू नयेत म्हणून ही पूड लावून आम्ही दगड चढतो. कुठे हात घालायचा ते लक्षात राहावं म्हणून खुणा करतो. जाताना पुसायच्या असतात."

"मग का पुसल्या नाहीत?"

"आळस."

बरी वाटली.

२२ मार्च, रविवार

पित्ताच्या पावडरीचं ऐकून सभा इतकी हसली की सेरवांदोला आपली टोपी बारकाईने तपासावी लागली. एलादिओ मात्र हसला नाही.

"पावडर असो नाहीतर चुना. उद्या कुणाची मान मोडली तर पोलीस आपल्या दारात. आणि फेब्रुवारीत काय झालं? वादळाने शेवाळ किनाऱ्यावर टाकलं, आपण ट्रॅक्टर घेऊन खाली निघालो, आणि वाटेत यांच्या गाड्या. अर्धं शेवाळ समुद्राने परत नेलं. बटाट्याला खत काय घालायचं, पावडर?"

यातलं खोटं काहीच नव्हतं. मी सांगितलं, जून संपेपर्यंत परीक्षा. नियम मी करीन, राखीनही मीच. एक नियम मोडला तरी कुंपण, आणि पहिला खांब मी ठोकीन. जून संपताना सभा कायमचं ठरवील. मंजूर झालं.

बाहेर एलादिओने मला गाठलं. "वहिनी, हे तू स्वतः बघायला जायची काय गरज? दुसरं कुणी नाही?"

"नियम माझे आहेत."

"ते टोक चांगलं नाही."

"टोक चांगलंवाईट नसतं, एलादिओ. माणसं असतात."

चुकीचं औषध हातात ठेवावं तसा तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला मी अध्यक्ष झालेली पहिल्यापासून खुपतंय.

२९ मार्च

अंतीआने ओळखीच्या सगळ्या चढणाऱ्यांना बोलावलं होतं. मी नियम वाचून दाखवले. गाड्या चर्चच्या मागे लावायच्या, तिथून चालत यायचं. गाद्या खडकावर किंवा वाळूवर, गुलाबी फुलांच्या गवतावर एकही नाही. ते गवत इंचभर वाढायला किती वर्षं लागतात ते मी सांगितलं तेव्हा दोघांनी मुकाट्याने गाद्या उचलल्या. खुणा पुसायच्या, तारेचा ब्रश वापरायचा नाही. दगडावरचं दगडफूल खरवडायचं नाही. वाळूत पिल्यारा नावाचा मुठीएवढा पक्षी अंडी घालतो, तो भाग दोरीने बंद.

मग लक्षात आलं की यांनी आमच्या दगडांना परदेशी नावं ठेवलीत आणि ती चढणाऱ्यांच्या पुस्तकात छापणारही आहेत.

"यांची बारशी झालेली आहेत," मी म्हटलं आणि नावं सांगितली.

ब्राइस लिहिता लिहिता लाल झाला. "म्हातारीचं ढुंगण? हे छापायचं?"

"छापा."

११ एप्रिल

आज मी चढले. कारण साधं आहे. घटक वाचल्याशिवाय मी कधी औषध विकलं नाही, मग जे केलं नाही त्याचे नियम कसे करायचे? दाढेची मागची बाजू उतरती आहे, अंतीआच्या मते नवशिक्यांसाठी. हात धरायला जवळपास काही नाही, सगळा भार पायांवर आणि विश्वासावर.

बूट ब्राइसच्या आईचे. बोटं दुमडतील इतके घट्ट लागतात. चीनमध्ये पूर्वी बायकांचे पाय बांधत, त्याची आठवण झाली. तसं म्हटलं तर अंतीआ म्हणाली, "त्या चढत नव्हत्या, बाल्बिनाबाई."

जेवणाच्या टेबलाएवढ्या उंचीपर्यंत पोचले, घसरले, गादीवर बसले. बोटांची टोकं सोलून निघाली. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी हा प्रकार शोभत नाही. एकदा करून पाहिला, पुरे. फक्त डावा पाय चुकीच्या जागी पडला होता, तेवढं तपासून घ्यायला हवं.

१२ एप्रिल

तपासलं. डावा पाय बरोबर होता, उजवा चुकला होता.

१९ एप्रिल

मधमाशीचं मेण, लोकरीची चरबी आणि थोडं कॅमोमाइल घालून बोटांसाठी मलम केलं. सगळ्यांना एकेक डबी दिली. ब्राइस म्हणतो, विकायला काढा. मी म्हटलं, आधी हात धू.

२५ एप्रिल

टेकडीवर काहीतरी चमकत होतं. एलादिओ. ट्रॅक्टरवर बसून नौदलातली जुनी दुर्बीण डोळ्यांना लावून आमच्याकडे बघत होता. अख्खी सकाळ. शेतात बटाटे लावायचे पडलेत आणि हा कुणी माझा नियम मोडतंय का याची वाट बघतोय.

बघू दे. मी मुद्दाम जास्त काळजीपूर्वक चढले.

२ मे

आता शेवटच्या भागापर्यंत जाते. तिथे दाढ गोल होते, पकडायला काही उरत नाही. तळहात खाली दाबून एक पाय हाताशेजारी आणायचा आणि उभं राहायचं.

"उंच पलंगावर म्हातारी चढते ना, तसं," अंतीआ म्हणाली.

"कोणती म्हातारी?"

तिने ब्रश काढून खुणा पुसायला घेतल्या.

६ मे

संताप. दाढेच्या मागे, मी चढते तिथेच, कुणीतरी मक्याच्या सालींची जुनी गादी टाकून गेलं होतं. निळ्या पट्ट्यांची, दोरीने बांधलेली, ओल लागू नये म्हणून वर खताच्या पिशव्यांचं प्लास्टिक. अशी गादी मी एकाच घरात पाहिली आहे.

सरळ एलादिओच्या दारात गेले.

"ती गादी तुझी."

"आईची."

"मग दगडाखाली काय करतेय?"

तो टोपी हातात फिरवत राहिला. "उंदीर झाले होते."

"उंदीर झालेली गादी गावाच्या जमिनीवर टाकतात? आणि वर प्लास्टिकने झाकून?"

"वहिनी, तिथे डाव्या अंगाला खाली एक टोकेरी दगड आहे. त्या पोरांच्या गाद्या तिथवर पोचत नाहीत."

"म्हणून कचरा टाकायचा?"

घाण करायची आणि नाव चढणाऱ्यांवर घालायचं, डाव उघड होता. संध्याकाळच्या आत उचलायला लावली. पाठीवर घेऊन टेकडी चढताना वाकला होता बिचारा. बिचारा कसला.

अंतीआला सांगितलं तर ती हसत हसत वाळूत बसली. "बाल्बिनाबाई, तुम्हाला औषधं तेवढी बरोबर ओळखता येतात."

औषधांचा काय संबंध? मात्र टोकेरी दगडाचं खरं होतं. ब्राइसला तिथे एक गादी ठेवायला लावली.

२० मे

ईशान्येचा वारा सुरू झाला. कोरडा, गार. याला चढणारे लोक देवाचा श्वास समजतात, कारण दगड हाताला चिकटतो. अंतीआ दोन वसंत दाढेचं पोट चढायला झगडते आहे. आज शेवटच्या पकडीला तिचं बोट लागलं. हा वारा रविवारपर्यंत टिकणार आहे.

निघताना, सगळे गेल्यावर, मला पिल्यारा दिसली. लंगडल्याचं सोंग करत पळत होती. म्हणजे जवळपास घरटं. बघता बघता पायाशीच सापडलं. शिंपल्यांच्या चुऱ्यात तीन अंडी, वाळूच्या रंगाची. दोरीच्या आतल्या भागात नव्हे, तर बरोबर दाढेसमोर, गाद्या टाकतात त्या जागेपासून हातभर अंतरावर.

अख्खा किनारा मोकळा आहे. वाटाण्याएवढा मेंदू.

घरी येऊन कोबी-बटाट्याचं सूप ढवळत विचार करत होते. मी केलेल्या दोरीच्या बाहेर अंडी असली तर नियम मोडत नाही. पाहिलीत फक्त मी. रविवारपर्यंत गप्प बसले तर अंतीआचं दाढेचं पोट चढून होईल, कदाचित माझीही मागची बाजू होईल. लिहून ठेवते, कारण इथे खोटं लिहून उपयोग नाही. हा विचार सूप उतू जाईपर्यंत टिकला.

२१ मे

सकाळी सांगितलं. अंतीआने अंडी पाहिली, मग दगड पाहिला, मग वाऱ्याच्या दिशेला तोंड केलं. पाठीवरची पिशवी जोरात लाथाडली आणि समुद्राकडे चालती झाली. मी थांबवलं नाही.

परत आली तेव्हा डोळे लाल होते. वाऱ्याने होतात.

"दोरी आहे का आणखी?" तिने विचारलं.

दाढ चारी बाजूंनी बंद केली. माझी बाजूही.

२३ मे

शनिवार. वारा उत्तम. लांबलांबहून लोक आले. ब्राइस रात्रभर पाव भाजून थेट इथे आला आणि वाटेवर उभा राहून प्रत्येकाला समजावत होता. एकजण ऐकेना.

"तीन अंड्यांसाठी? मी तीन तास गाडी चालवून आलोय."

अंतीआ म्हणाली, "आणि मी दोन वर्षं पडतेय इथे. बिशपची टोपी मोकळी आहे, तिकडे जा. नाहीतर या बाई आहेत, यांच्याशी बोल."

तो माझ्याकडे वळला. मी चष्मा पुसून डोळ्यांवर लावला. तो बिशपच्या टोपीकडे गेला.

टेकडीवर दुर्बीण होतीच.

१४ जून

आज एलादिओ पहिल्यांदा सगळ्यांच्या देखत टोकावर खाली आला. धापा टाकत.

"फुटली, वहिनी! तिन्ही! सकाळीच निघाली, आई पुढे आणि ही काड्यांवरची कापसाची बोंडं मागे. वाळूच्या उंचवट्यापलीकडे गवतात गेली. परवा एक कावळा आला होता, मी ट्रॅक्टरचा भोंगा वाजवला."

"तो भोंगा तू वाजवत होतास? सगळं गाव शिव्या देत होतं."

"मग काय करणार?"

दुर्बिणीचा काहीतरी उपयोग झाला म्हणायचं. तो खडकापाशी थांबला, पाण्याकडे पाठ करून. मग म्हणाला, "रामिरोला आवडलं असतं हे."

मी म्हटलं, दोरी काढायला हात लाव. गवताकडची तशीच ठेवायची, पिल्लं उडेपर्यंत.

२१ जून

ईशान्य वारा कधीच गेला. आज नैऋत्येचा, दमट, दगड साबणासारखा. अंतीआ म्हणाली, उगाच हात लावून बघते. आणि चढली. दाढेचं सगळं पोट, उलटी लोंबकळत, शेवटच्या पकडीवर दोन्ही पाय सुटले तरी एका हातावर झुलून, वर. ब्राइस रडला. इतर ओरडले.

मी ओरडले नाही. घसा बसलाय तो दमट हवेने.

माझी बाजू अजून होत नाही. त्या गोल भागावर पाय हाताशेजारी येतो आणि मग मी विचार करते. विचार केला की घसरते.

२८ जून, रविवार

सभा मी टोकावरच बोलावली. ज्याचा निकाल करायचा ते डोळ्यांसमोर असावं. चर्चमध्ये पॅन्ट घालून गेले. पाद्र्याने दोनदा पाहिलं. पिल्लं गवताच्या बाजूला आहेत म्हणून सगळ्यांना वाटेने एका रांगेत आणलं. दोसिंदाने शिंपल्यांचं सारण भरलेली एम्पानादा भाजून आणली होती. "सभेत भांडतात ते उपाशीपोटी," म्हणाली.

अंतीआ आणि ब्राइस लांब उभे राहिले. त्यांना मत नाही.

मी सांगितलं: एकही नियम मोडला नाही. एकही ट्रॅक्टर अडला नाही. दगड सर्वांत चांगल्या वाऱ्यात बंद ठेवला आणि तो त्यांनीच बंद केला. आता घरांनी हात वर करावेत. उघडं की कुंपण.

हात वर झाले. दोसिंदाने एकदा मोजले, पुन्हा मोजले. बरोबरी. एकच घर राहिलं होतं. एलादिओ सभेत नव्हताच. दाढेच्या मागे काठीने वाळू टोचत फिरत होता.

"एलादिओ! मत दे!"

"देतो, देतो. विचार करतोय."

"मार्चमध्ये कुंपण मागणारा हाच ना?" सेरवांदो उठला. "याचा विचार होईपर्यंत एम्पानादा शिळी होईल. मी सांगतो. अध्यक्षबाई एप्रिलपासून त्या दगडाला लोंबकळतायत, सगळ्या गावाने पाहिलंय. चढता येत असेल तर चढून दाखवा. चढलात तर उघडं. पडलात तर कुंपण, आणि खांब तुम्ही ठोकायचा."

"असं नियमात नाही," दोसिंदा म्हणाली.

"नियम तीच करते."

कुणीतरी टाळी वाजवली. मी त्यांच्याकडे पाहिलं. मग खाली बसून बूट घातले.

ब्राइसने गाद्या लावल्या. मी हात लावण्याआधी बुटांचे तळ पुसले. मग चढू लागले.

अर्ध्यावर खाली नजर गेली. गादीशेजारी अंतीआ नव्हती, एलादिओ होता. दोन्ही हात वर, अंगठे बोटांना चिकटवून, गुडघे किंचित वाकवून. पडणाऱ्याला सावरायला उभं राहायचं असतं तसा, अगदी बिनचूक. नवशिक्यांचे अंगठे बाहेर राहतात आणि मोडतात. याला कुणी शिकवलं कोण जाणे.

"डावा पाय वर घे, वहिनी. त्या पांढऱ्या स्फटिकावर."

"तुला काय कळतं?"

"तू दर वेळी तिथेच चुकतेस."

पाय स्फटिकावर ठेवला. बसला.

गोल भाग आला. तळहात दाबला. पाय हाताशेजारी आणला. खाली कुणी खोकलं तेही ऐकू आलं. पोटऱ्या थरथरायला लागल्या होत्या.

तेवढ्यात दोसिंदाचा आवाज. "एलादिओ, तुझे दोन्ही हात वर आहेत. एक मोजू की दोन?"

"एकच मोज," त्याने माझ्यावरची नजर न हलवता सांगितलं. "उघडं, असं लिही. आणि आता सगळे तोंडं मिटा, ती अवघड जागी आहे."

म्हणजे मत पडलं होतं. टोक उघडं राहिलं होतं. सेरवांदो काहीही म्हणो, हातांची मोजणी ती मोजणी. मी तिथूनच पाय काढून खाली आले असते तरी कुणाला बोलायला जागा नव्हती. अंतीआ खालून "बाल्बिनाबाई!" असं काहीसं ओरडत होती, तिचा आवाज फाटला होता.

मी उतरले नाही. विचारही केला नाही. उभी राहिले.

दाढेचा माथा चार माणसं बसतील इतका सपाट आहे. हे खालून कळत नाही. गावातल्या कुणाला माहीत नसावं. खाली सेरवांदो दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होता, त्याला लाज नाहीच. बायका शिट्ट्या वाजवत होत्या. दोसिंदाला शिट्टी येते हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. एलादिओचे हात अजून तसेच वर.

"आता हात खाली कर," मी म्हटलं.

"तू उतरलीस की करतो."

समुद्राची बाजू मोकळी होती. तिकडे तोंड करून मी बसले. पाणी हिरवं, शांत, खडकाला लागून पुन्हा मागे जाणारं. किती तरी वर्षांनी नीट पाहिलं. पोटऱ्या थांबल्या.

खालून दोसिंदा ओरडली, "बाल्बिना, ये आता खाली! सभा संपली, एम्पानादा गार होतेय!"

"अध्यक्ष मी आहे," मी वरूनच सांगितलं. "सभा संपली की नाही ते मी सांगीन."

आणि बराच वेळ सांगितलं नाही.